पहिल्या रात्रीनंतरची सकाळ

लग्नाविषयी आपल्या समाजात जितके बोलले जाते, तितके दुसऱ्या एखाद्या गोष्टीविषयी क्वचितच बोलले जात असेल. स्थळ कसे जमले, मुहूर्त कोणता धरला, पंगती किती उठल्या, मानपानावरून कोण रुसले, याच्या कथा पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या ओसऱ्यांवर वर्षानुवर्षे पुरतात. लग्नाच्या रात्रीविषयीही बोलले जाते, परंतु ते थट्टेच्या स्वरात. मात्र त्या रात्रीनंतर जी सकाळ उजाडते, तिच्याविषयी सहसा कोणी तोंड उघडत नाही. खरे पाहता संसाराचा आरंभ त्या सकाळीच होतो. आदल्या दिवशीपर्यंत जी दोन माणसे एकमेकांस जवळजवळ परकी होती, ती आता एकमेकांच्या अत्यंत जवळ जाऊन परत आलेली असतात. त्यानंतर ती काय करतात आणि त्यांच्या मनात काय चालते, हा विषय नाजूक असला तरी विचार करण्याजोगा आहे.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेचे तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांच्या हाती आले, म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. त्यापूर्वी ते सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते आणि म्हणूनच येथील रीतिभाती तळकोकणाशी जुळत्या आहेत. येथील जुन्या घरांची बांधणी ध्यानात घेतली म्हणजे नवदांपत्याची अडचण ध्यानात येते. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे रांधप, आणि लग्नघर म्हटले की प्रत्येक हातभर जागेवर एकेक पाहुणा निजलेला. एवढ्या गर्दीत नवरा-नवरीसाठी एक खोली कशीबशी मोकळी करून दिली जाई. तिला धड दार असले तर ते त्यांचे भाग्य.

सकाळी सर्वांच्या आधी उठण्याची जबाबदारी नव्या सुनेवर. अंगावरचे दागिने हलक्या हाताने सावरीत, बांगड्या वाजणार नाहीत अशा बेताने ती दार उघडते. आंघोळ करून केसांत अबोलीची फाती माळते, तुळशीला पाणी घालते आणि मीठ कोठे ठेवले आहे हेही ठाऊक नसलेल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. नवरा दुसऱ्या दाराने बाहेर पडतो, पुरुषमंडळींत जाऊन बसतो आणि मांडवाचे वासे सोडण्याविषयी नेहमीपेक्षा जरा मोठ्याने बोलू लागतो. चारचौघांत दोघांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही, नाव घ्यावयाचे नाही, हा पूर्वीचा दंडक. तरीही तो बहिणीजवळ पाणी मागतो तेव्हा तो आवाज कोणासाठी आहे हे आत उभी असलेली मुलगी ओळखते, आणि तांब्या घेऊन कोण येते इकडे त्याचे लक्ष असते. एवढेच त्यांचे त्या सकाळचे संभाषण.

त्या वेळी दोघांच्या मनात काय असते? पहिली भावना म्हणजे लाज. ही लाज अपराधाची नव्हे. आपल्याला आता कोणीतरी ओळखते, आपले वेड्यासारखे वागणे, आपली भीती, आपले अश्रू किंवा आपले हसू दुसऱ्या एका जिवाने पाहिले आहे, या जाणिवेची ती लाज आहे. तिच्यापाठोपाठ शंका येते. आपण त्याला आवडलो का? आपल्या हातून काही वावगे झाले का? ही शंका केवळ नवरीलाच येते असे मानण्याचा प्रघात आहे, परंतु नवरदेवही तिच्यातून सुटत नाही. त्याला ती बोलून दाखविता येत नाही एवढेच. तिसरी भावना कोवळिकीची. काल जे माणूस केवळ नाव आणि घराणे होते, त्याच्या निजण्याची पद्धत, त्याच्या कपाळावरचा व्रण, झोपेतला त्याचा श्वास हे सारे आज आपल्या माहितीचे झालेले असते. ज्यांची आधीपासून प्रीती होती आणि मग लग्न झाले, त्यांनाही ही नवी ओळख चुकत नाही. भेटीगाठींत पाहिलेले माणूस आणि उजाडताना शेजारी दिसणारे माणूस ही पुष्कळदा दोन निराळी माणसे वाटतात.

कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गात ही सकाळ मोठ्या सूक्ष्मतेने रंगविली आहे. पार्वतीच्या सख्या पहाटेस तिच्याभोवती जमतात आणि रात्रीची हकीकत विचारतात. ती लाजेने काही सांगत नाही, पण तिचे मन मात्र सांगावयास उतावीळ झालेले असते. पुढे ती आरशात स्वतःला न्याहाळीत असता मागे बसलेल्या शंकराचे प्रतिबिंब आपल्या प्रतिबिंबाशेजारी पाहते आणि तिची त्रेधा उडते. त्यानंतर कवी तिच्या आईकडे वळतो. मुलगी पतीची लाडकी झाली आहे हे पाहून मेनेच्या जिवाचा घोर जातो. सख्यांचे कुतूहल, नवरीचे मौन आणि आईची काळजी हे तीन धागे आजच्याही लग्नघरात जसेच्या तसे सापडतील.

अमरुशतकात याच सकाळचे एक गमतीचे चित्र आहे. रात्री नवराबायको जे कुजबुजली ते पिंजऱ्यातल्या पोपटाने ऐकले आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तो तेच बोलू लागला. तेव्हा नवरीने कानातले माणिक काढून, जणू डाळिंबाचा दाणा भरवीत आहोत असे दाखवून, त्याची चोच बंद केली. या विनोदात एक गंभीर मागणी दडलेली आहे. जे दोघांचे आहे ते दोघांतच राहावे, ते ओसरीवर येऊ नये, अशी ती मागणी होय.

दोघे एकमेकांच्या जवळ आल्यानंतर काय करावे, याचा विचार आपल्या प्राचीनांनी केलाच नव्हता असा समज असेल तर तो चुकीचा आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’चे नाव घेताच पुष्कळांच्या भुवया उंचावतात. परंतु त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात, मीलनानंतरच्या वेळेविषयी जे सांगितले आहे ते एखाद्या समंजस वडीलधाऱ्याने सांगावे तसे आहे. दोघांनी प्रथम, जणू ओळख नसावी अशा संकोचाने, एकमेकांकडे न पाहता निरनिराळे जाऊन स्वच्छ व्हावे. मग परत येऊन जवळ बसावे, विडा घ्यावा. पुरुषाने स्वतःच्या हाताने तिच्या अंगास चंदनाची उटी लावावी, डाव्या हाताने तिला जवळ घेऊन पेला तिच्या ओठांशी न्यावा, गोड बोलून तिला काही खाऊ घालावे आणि हे गोड आहे, हे मऊ आहे असे सांगत स्वतः चाखून तिला द्यावे. गच्चीवर चांदणे असेल तर तेथे बसून गोष्टी सांगाव्या. ती मांडीवर डोके ठेवून चंद्राकडे पाहत असता त्याने तिला अरुंधती, ध्रुव आणि सप्तर्षी दाखवावेत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ध्रुव आणि अरुंधती यांचे दर्शन हा विवाहविधीचाच भाग आहे. जे तारे भटजींनी मंत्र म्हणून दाखविले, तेच त्याने एकान्तात पुन्हा दाखवावयाचे. जी गोष्ट मांडवात शपथ होती ती येथे गोष्टीवेल्हाळ सोबत होते. पेडण्याहून पाहिले असता ध्रुव उत्तर क्षितिजापासून अवघा सोळा अंशांच्या आसपास वर दिसतो. हात पुढे ताणून बोटे पसरली असता जी वीत होते, तिच्याहूनही हे अंतर थोडे कमीच. त्यामुळे माडांच्या आड तो सहज लपतो आणि त्याला शोधावे लागते. सप्तर्षी मात्र लग्नसराईच्या चैत्र-वैशाखात रात्रीच्या पहिल्या प्रहरी उत्तरेकडे चांगले वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीतील मधल्या वसिष्ठाजवळ बारीकशी अरुंधती असते. ती पाहण्यासाठी दोघांना एकाच दिशेने पाहावे लागते, आणि त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो.

वेळ देण्याविषयी तर जुन्या ग्रंथांचा कटाक्षच आहे. विवाहानंतर तीन रात्री दोघांनी जमिनीवर निजावे, मिठाचे पदार्थ वर्ज्य करावेत आणि संयमाने राहावे, असे गृह्यसूत्रे सांगतात व वात्स्यायनही तेच सांगतो. त्यानंतरही विश्वास संपादन केल्यावाचून पुरुषाने पुढे जाऊ नये, कारण स्त्रिया फुलासारख्या असतात आणि धसमुसळेपणा झाला तर त्यांच्या मनात कायमची अढी बसते, असा इशारा तो देतो.

ख्रिस्ती परंपरेतही याला जुळणारी एक कथा आहे. ‘तोबीत’ या ग्रंथातील सारा हिचे सात पती एकामागून एक लग्नाच्या रात्रीच मृत्युमुखी पडलेले असतात. आठवा वर तोबिया. तो त्या रात्री तिला उठवून म्हणतो की आपण आधी प्रार्थना करू. या ग्रंथाच्या जुन्या लॅटिन भाषांतरात तर ही प्रार्थना तीन रात्रींची आहे. परंतु या कथेतले सर्वांत हृदयस्पर्शी पात्र आहे साराचा बाप रागुएल. हाही जावई जगणार नाही या भीतीने तो रात्रीच उठून थडगे खणवून ठेवतो. मग दासीला दिवा घेऊन आत पाहण्यास पाठवितो. दोघे शांत झोपलेली आहेत असे ती येऊन सांगते, तेव्हा उजाडण्यापूर्वी ते थडगे बुजवून टाकावयास तो चाकरांना सांगतो आणि चौदा दिवसांची मेजवानी मांडतो. लेकीच्या पहिल्या रात्रीची धास्ती घेऊन जागणारे आईबाप सर्व देशांत आणि सर्व धर्मांत आहेत. त्यांना हवे असते ते एवढेच, की उजाडल्यावर दोघे सुखरूप आणि शांत दिसावीत.

आधुनिक संशोधकांनीही या विषयाकडे लक्ष दिले आहे. शरीराच्या जवळिकीत ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य स्रवते आणि आपलेपणाच्या भावनेशी त्याचा संबंध असल्याचे मानले जाते. त्याहून महत्त्वाची आहेत ती प्रत्यक्ष जोडप्यांची निरीक्षणे. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०१ जोडप्यांची २१ दिवसांची रोजची नोंद घेतली होती. मीलनानंतर जी जोडपी अधिक वेळ जवळ राहतात, बोलतात, कुरवाळतात, ती आपल्या सहजीवनाविषयी अधिक समाधानी असतात, असे त्यांना आढळले. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २१४ नवविवाहित जोडपी होती. जवळिकीचे समाधान एका रात्रीत न विरता सुमारे ४८ तास मनात रेंगाळते आणि ज्यांच्यात ते अधिक टिकते त्यांचा संसार काही महिन्यांनंतरही अधिक सुखाचा असतो, असा त्याचा निष्कर्ष. विडा, चंदन आणि ताऱ्यांची गोष्ट सांगणाऱ्या वात्स्यायनाला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

परंतु सर्वांचीच सकाळ प्रसन्न असते असे मात्र नाही. काहींना काहीही कारण नसता उदास वाटते, रडू येते, एकटे बसावेसे वाटते. हा दोष समजून पुष्कळजण मनात कुढत राहतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,२०८ पुरुषांपैकी ४१ टक्के पुरुषांनी आयुष्यात कधी ना कधी असा अनुभव आल्याचे सांगितले. स्त्रियांमध्येही तो तितकाच परिचित आहे. नवरी सकाळी डोळे पुसताना दिसली तर तिला माहेरची आठवण येत असेल, रात्र दुखरी गेली असेल, अथवा तिलाही कारण ठाऊक नसेल. पहिल्या रात्री काहीच न घडणे हेही अत्यंत सामान्य आहे. लग्नाच्या धावपळीने थकलेली दोन माणसे नुसती बोलत बसली किंवा झोपी गेली, तर त्यात कोणाचेही न्यून नाही. दुःख होते ते पुढच्या मौनाचे. एकाने भिंतीकडे तोंड फिरविले आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला, की गैरसमजाचे बीज तेथे पडते.

याहूनही वाईट गोष्ट म्हणजे बाहेरच्यांची चौकशी. ती कोणत्या थरास जाऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कंजारभाट समाजात जातपंचायतीच्या रूढीप्रमाणे नवदांपत्याला पांढरी चादर दिली जाई आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष नवऱ्याला विचारले जाई, की माल खरा की खोटा. एका माणसाविषयी ‘माल’ हा शब्द आणि त्याचा निवाडा करावयास जमलेली सभा! याविरुद्ध २०१७-१८ मध्ये त्याच समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणी धैर्याने उभी राहिली. त्यांच्यावर बहिष्काराचे प्रयत्न झाले, पण ती मागे हटली नाहीत. २०१९ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने अशी परीक्षा हा लैंगिक अत्याचार मानला जाईल, असे जाहीर केले. त्यापूर्वी, २०१८ च्या ऑक्टोबरात, जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह सांगितले होते, की कौमार्याची कोणतीही परीक्षा शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. शरीरातील ते पातळ आवरण मुळातच प्रत्येकीचे वेगळे असते, आणि पहिल्या वेळी रक्तस्राव न होणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. चादरीला सत्य ठाऊक नसते.

आपल्या घरी पंचायत बसत नाही, म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. सासूने सुनेच्या चेहऱ्याकडे रोखून पाहणे, नणंदेने खोचक हसणे, मित्रांनी नवरदेवाला घेरून त्याच्याकडून बढाई वदवून घेणे, ही त्याच पंचायतीची धाकटी भावंडे होत. नवऱ्याने मित्रांत बसून उच्चारलेला एक शब्द वर्षांनंतरही पत्नीच्या कानी येऊ शकतो, आणि मग त्या रात्रीची कोवळीक राहत नाही.

संमतीच्या बाबतीत तर कायद्याला फार लांबचा प्रवास करावा लागला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९१ साली संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! अठरा वर्षांखालील पत्नीशी तिच्या पतीने ठेवलेला संबंधही गुन्हा ठरतो, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेने विवाहाची पूर्तता ही ‘मानवी रीतीने’ झाली पाहिजे, असे शब्द मुद्दाम घातले. जबरदस्तीने घडलेले मीलन ही पूर्तता नव्हे, असा त्याचा आशय. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी आवश्यक असते. नोंदणी होऊन सही झाली की कायद्याने दोघे पतिपत्नी, परंतु मंगलाक्षता पडेपर्यंत किंवा चर्चमध्ये आशीर्वाद मिळेपर्यंत घरची माणसे त्यांना तसे मानीत नाहीत. सही, अक्षता, आशीर्वाद यांपैकी कशानेही दोन मने आपोआप जवळ येत नाहीत, हेच यावरून दिसते.

आपल्या जुन्या चालीरीतींत काही शहाणपणही होते. लग्नानंतर लवकरच नवरा-नवरीने वधूच्या माहेरी जावयाचे असते. हिंदू घरांत याला पाचपरतवण म्हणतात, ख्रिस्ती घरांत पोरतोवणे. दोन्ही शब्द ‘परतणे’ यातूनच आलेले. मुलगी परतते, पण एकटी नव्हे. ती त्याला आपल्या अंगणात, आपल्या आईसमोर, आपल्या विहिरीवर नेते आणि आता परकेपणाची पाळी त्याची असते. काल ती ज्या अवघडलेपणातून गेली ते त्याला आज समजते. आईला मुलीचा चेहरा पाहावयास मिळतो, आणि मेनेप्रमाणे काहीही न विचारता तिला जे कळावयाचे ते कळते. पुढे चतुर्थीला माहेराहून मुलीच्या सासरी फळफळावळ आणि गोडधोडाचे व्हजे जाते. ख्रिस्ती लग्नातही नवरीसोबत जाणाऱ्या मिठाईला व्हजेच म्हणतात. मुलीचे कोणीतरी आहे आणि ते लक्ष ठेवून आहे, असा त्या ओझ्याचा अर्थ.

या प्रदेशाने मात्र नवदांपत्याला सहवास फार थोडा दिला. पेडण्याचा तरुण मुंबईला नोकरीवर, कोणी बोटीवर तारवटी, पुढे कोणी आखातात. रजा संपली की लग्नाच्या पंधराव्या दिवशी ट्रंक उचलावयाची. किती संसार अशा दहा-बारा सकाळींच्या आठवणीवर वर्षभर चालले असतील, याची गणती नाही. ‘अनुवाद’ या बायबलमधील जुन्या ग्रंथात एक नियम आहे. नव्याने लग्न झालेल्या पुरुषाला वर्षभर युद्धावर पाठवू नये, त्याने घरी राहून पत्नीला आनंद द्यावा. हजारो वर्षांपूर्वी एका लहानशा राष्ट्राला आपल्या सैन्यापेक्षाही हे महत्त्वाचे वाटले. आज दूरध्वनीवर एकमेकांचा चेहराही दिसतो हे खरे, तरी ज्यांना शक्य आहे त्यांनी रजेचे चार दिवस वाढवून घ्यावेत आणि ते दिवस पाहुणचाराच्या फेऱ्यांत संपवू नयेत.

घरच्यांनी करावयाचे तर थोडेच आहे. खोलीला आतून कडी असावी. सकाळी कोणी दार ठोठावू नये. नव्या सुनेला पहिल्या दिवशी स्वयंपाकात उभी करण्याऐवजी चहा तिच्या हाती द्यावा, आणि दोघांचा एकत्र द्यावा. चौकशी करू नये. मात्र तिला दुखलेखुपले किंवा भय वाटले तर तिने कोणाजवळ जावे, हे एखाद्या मायाळू वहिनीने किंवा मावशीने आधीच सांगून ठेवावे, आणि जरूर पडल्यास डॉक्टरीणबाईंकडे नेण्यास लाजू नये.

आणि त्या दोघांनी? त्याने उठून लगेच ओसरीवर पळू नये. तिने आपल्याविषयीची शंका मनात कोंडून ठेवू नये. बरी आहेस ना, एवढे त्याने विचारावे आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावे. तिनेही त्याला तेच विचारावे, कारण तोही घाबरलेला असतो. मग बाहेरच्या जगात जाण्यापूर्वी क्षणभर दोघांनी खिडकीपाशी उभे राहावे. अंगणात मांडव अजून तसाच असतो, झावळ्या सुकू लागलेल्या असतात, आणि दिवसभराची कामे वाट पाहत असतात. ती थोडा वेळ थांबली तरी चालतात.